ब्लॉक घेताना बोअर सगळ्यात शेवटी बघा

गेल्या अंकातल्या सदरात जुने ट्रक परत रस्त्यावर आणण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून पत्रं आली आणि मोबाइलवर मेसेज तर अजून येताहेत. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडकलीय, इंजनाचा मूळ ब्लॉक, म्हणजे ओतीव लोखंडाचं मुख्य धड, गेला आणि आता भंगारातून दुसरा घ्यायचाय. म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त ब्लॉकचेच प्रश्न घेतोय. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते सगळ्यांच्याच कामाचं आहे.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळातली टाटा १२१० आहे, ६९२ इंजन, सहा सिलिंडर. आमच्या घरची केळी कित्येक वर्षं याच गाडीने दिल्लीला गेली. मग एकदा कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकच्या बाजूला हात जाईल एवढं भगदाड पडलं, तेव्हापासून गाडी खळ्यात उभी आहे. आता दोन ब्लॉक मिळताहेत. धुळ्याचा एकदम चकचकीत, बोअर (पिस्टन वर-खाली होतात ती गोल भोकं) नव्यासारखे, वरून रंग मारलेला, पण नुसता ब्लॉक आहे, मेन कॅपा पोत्यातून शोधून देतो म्हणतो. भुसावळचा गंजलेला, बोअरमध्ये पाणी जाऊन लाल झालाय, एक पिस्टन आत जाम आहे, पण क्रँकसकट हाफ इंजन (हेड सोडून खालचं सगळं) आहे आणि पैसे जवळपास निम्मे सांगतोय. मिस्त्री म्हणतो धुळ्याचा घ्या. वडील म्हणतात आधी विचारून घे. भाऊ, हाऊ लेऊ का तो लेऊ, तेवढं सांगी द्या.
— एक वाचक, सावदा

उत्तर : भाऊ, आधी भुसावळच्या मागे लागा. धुळ्याचा ब्लॉक मी तुमच्या जागी असतो तर घेतला नसता, आणि त्याचं कारण बोअर नाही, त्या पोत्यातल्या कॅपा आहेत.

क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मोठा दांडा) ज्या गोल घरांमध्ये फिरते त्या घराचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्ये राहतो आणि खालचा अर्धा भाग म्हणजे ही मेन कॅप. तुमच्या सहा सिलिंडरला अशा सात कॅपा. कारखान्यात काय करतात तर या कॅपा आधी त्या ब्लॉकला आवळतात आणि मग सातही घरं एका रांगेत एकदमच बोअर करतात, म्हणून ती कॅप फक्त त्याच ब्लॉकची, त्याच नंबरच्या जागेची आणि तिचं तोंडसुद्धा एकाच बाजूला. दुसऱ्या ब्लॉकची कॅप दिसायला डिट्टो तशीच, बोल्टही बसतात, पण घर गोल राहत नाही आणि रांगही सरळ राहत नाही. नवीन बेअरिंग टाकून आवळलं की क्रँक हाताने फिरतच नाही, किंवा फिरते पण एका जागी अडते, आणि मग मिस्त्री तिथे बेअरिंग घासून घासून फिरती करतो आणि तुम्हाला वाटतं काम झालं. सेंधव्याचा घाट लोड घेऊन चढायला लागली की तेच बेअरिंग पहिलं जातं.

लाइन बोअरिंग करून घेता येतं, हे खरं आहे. कॅपांचे फेस थोडे घासायचे, परत आवळायच्या आणि सातही घरं नवीन बोअर करायची. पण एक तर त्याचं मशीन प्रत्येक गावात नाही, काम महाग आहे, आणि त्यात क्रँकचं सेंटर किंचित वर सरकतं, मग टायमिंगच्या गिअरांमधली फट बदलते, पिस्टनही तेवढाच वर येतो. एवढं सगळं करायचं तेव्हा करायचं जेव्हा दुसरा ब्लॉकच मिळत नाही. तुम्हाला तर मिळतोय.

भुसावळच्या ब्लॉकवर गेलात की चेंबर (खालची ऑइलची टाकी) काढायला लावा, इंजन आडवं करा आणि कॅपा बघा. एक ते सात नंबर ठोकलेले असतील, ते क्रमाने आहेत का, ब्लॉकवरच्या खुणेशी जुळतात का. मग एकेक कॅप सोडून बेअरिंग काढा आणि घराच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. बेअरिंगला एक छोटा कान राहतो आणि घरात त्या कानाची खाच राहते. ती खाच धारदार असली पाहिजे. खाच घासून गुळगुळीत झालेली दिसली, किंवा घराच्या आत निळसर काळपट जळल्याचा रंग दिसला, तर समजा कधी तरी बेअरिंग घरात फिरलंय, आणि मग तो ब्लॉक निम्म्या पैशात काय, पाव पैशातही महागच. घर कोरडं, राखाडी, एकसारखं दिसलं तर अर्धी लढाई जिंकली. पुढचं मोजमाप खरादवर, म्हणजे इंजनाच्या मशीनशॉपमध्ये, होईल, कॅपा बेअरिंगशिवाय पुस्तकातल्या टॉर्कने आवळून बोअर गेजने प्रत्येक घर उभं आडवं मोजायचं, नुसतं डोळ्याने नाही.

आता त्या लाल गंजाचं. बोअरचा गंज बघून माणूस घाबरतो आणि चकचकीत बोअर बघून भुलतो, इथेच घोडं पेंड खातं. ब्लॉकमधला बोअर हाच सगळ्यात सोपा बदलता येणारा भाग आहे. या घराण्याच्या इंजनात ड्राय लायनर, म्हणजे बोअरमध्ये दाबलेली लोखंडी नळी, बसवतात, जुना लायनर प्रेसने काढायचा, नवीन दाबायचा, बोअर करायचा, होनिंग करायचं, जळगाव धुळ्यात हेवी गाड्यांचं काम करणारा कोणताही चांगला खराद हे रोज करतो. आणि चकचकीत बोअर म्हणजे काय तर कोणी तरी ड्रिलला होनिंगचे दगड लावून अर्धा तास फिरवलेत, त्याने बोअर दिसतो छान पण तो वरच्या रिंगच्या जागी किती खाल्लाय, किती अंडाकृती झालाय ते काहीच बदलत नाही. लायनर काढल्यावर मागे जी ब्लॉकची स्वतःची भिंत दिसते ती मात्र नीट बघा. तिथे उभी क्रॅक असेल, किंवा लायनर हाताच्या जोराने खाली सरकत असेल एवढं ते घर मोठं झालं असेल, तर तो वेगळा आणि वाईट विषय आहे.

जाम पिस्टन वरून घणाने ठोकू देऊ नका. डिझेल भरून दोन-चार दिवस मुरू द्या, क्रँक काढा, मग खालून लाकडाचा ठोकळा लावून किंवा प्रेसवर काढा. लायनर तसाही जाणारच आहे त्यामुळे पिस्टन लायनरसकट निघाला तरी काही बिघडत नाही, पण घणाचा फटका बसला तर दोन बोअरच्या मधली पातळ भिंत जाते.

क्रॅक कुठे शोधायची ते सांगतो. एक, वरच्या फेसवर दोन बोअरच्या मधे आणि हेडच्या बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत. दोन, बाजूच्या भिंतीला, पाण्याच्या जॅकेटच्या (बोअरभोवती पाणी फिरतं त्या पोकळीच्या) खालच्या कडेला. तीन, आत मेन घरांना धरून ठेवणाऱ्या ज्या उभ्या भिंती आहेत त्यांच्या मुळाशी, बोल्टच्या भोकाजवळ. चार, मागे फ्लायव्हील हाउसिंग बसतं ते कान आणि पुढचे फाउंडेशनचे, म्हणजे इंजन चासीवर बसतं तिथले, कान. आपल्याकडच्या गाड्यांत पहिला प्रकार जास्त, कारण आपल्याकडे इंजनं उकळून मरतात, मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि रेडिएटर अर्धा बुजलेला राहतो. पण ब्लॉक दिल्लीच्या मायापुरीसारख्या भंगाराच्या मोठ्या बाजारातून आलेला असेल तर ती गाडी कुठे डोंगरात चालली असेल सांगता येत नाही, थंडीत पाणी गोठलं की ते जवळपास नऊ टक्के फुगतं आणि जॅकेटची बाहेरची भिंत आतून फाडतं. अशी क्रॅक बहुतेक लांब आडवी राहते आणि तिच्यावर एमसील आणि रंग मारून दिलेला राहतो. म्हणून मी नेहमी सांगतो, नवीन रंग मारलेला ब्लॉक दिसला की आधी बाजूच्या भिंतीचा रंग पत्र्याने खरवडून बघा. विकणारा खरवडू देत नसेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

भंगारच्या दुकानात मशीन नसतं, पण खडू आणि रॉकेल पुरतं, रॉकेल नसेल तर डिझेल. जागा वायर ब्रशने घासून एकदम पांढरी करायची, फडक्याने डिझेल लावायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं. मग कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं, अगदी बोटाला ओल लागायला नको एवढं, आणि त्यावर पांढरा खडू आडवा धरून घासायचा. मग लहान हातोडीने आजूबाजूला टिचक्या मारायच्या. क्रॅक असेल तर तिच्या पोटात गेलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी बारीक रेघ उमटते, आधी ठिपके ठिपके आणि मग ते जुळून केसाएवढी रेघ. ओतकामाचे ओरखडे किंवा टूलच्या खुणा अशा ओल्या होत नाहीत. घाई करणाऱ्याला ही रेघ दिसत नाही, म्हणून खडू लावल्यावर चहा पिऊन या आणि मग बघा.

पण खडू फक्त बाहेरचं सांगतो. आतल्या पाण्याच्या भिंतीचं खरं पाणी-प्रेशरनेच कळतं. खरादवर कॉस्टिकच्या टाकीत ब्लॉक धुऊन घ्यायचा, सगळी भोकं रबर आणि पट्ट्या लावून बंद करायची आणि गरम पाणी भरून तीन-चार किलोचं प्रेशर देऊन अर्धा तास ठेवायचं. पाणी गरमच पाहिजे, काही क्रॅक थंड असताना मिटलेल्या राहतात आणि तापल्यावर उघडतात. प्रेशरचा काटा खाली आला नाही आणि बोअरमध्ये, टॅपेटच्या खोलीत कुठे घाम फुटला नाही तर ब्लॉक पास.

आणखी एक, ६९२ च मागा. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ एमएमचा बोअर, स्ट्रोक १२० एमएम, सगळं मिळून ४७८८ सीसी. ६९७ त्याच घराण्यातलं पण बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८, म्हणजे ५६७५ सीसी. बाहेरून भाऊ-भाऊ दिसतात आणि दुकानदार म्हणतो सगळं एकच आहे बसतं, पण स्ट्रोकच वेगळा आहे तर क्रँक वेगळी, पिस्टन वेगळे. पुढे पार्ट आणताना रोज डोकं फिरेल. टाटा-मर्सिडीजच्या काळातली आणखी जुनी इंजनं प्रीचेंबरची (डिझेल आधी छोट्या खोलीत पेटतं ती), हीटर प्लगवाली होती, डायरेक्ट इंजेक्शन नंतर आलं, म्हणजे हेड आणि पिस्टनसुद्धा जुळवून बघावे लागतात. तुमचा फुटलेला ब्लॉक अजून भंगारात घालू नका, त्यावरचा ओतकामाचा नंबर नव्याशी ताडून बघायला तो लागेल.

वरचा फेस किती वेळा मारलाय, म्हणजे मशीनवर घासून सपाट केलाय, तेही बघा. सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून खालून फिलर (फट मोजायची पातळ पत्ती) घालायचा, वाकडा असेल तर फेस मारता येतो, पण आधीच दोन-तीनदा मारलेला असेल तर पिस्टन फेसच्या वर जास्त येतो आणि व्हॉल्व्हला लागतो. ब्लॉकची उंची क्रँकच्या सेंटरपासून फेसपर्यंत मोजून तुमच्या जुन्या ब्लॉकशी जुळवा. भगदाड बाजूला पडलंय, उंची तर शाबूत आहे ना.

व्यवहार असा करा. भुसावळवाल्याला थोडं टोकन द्या आणि कागदावर लिहून घ्या की खरादवर प्रेशर टेस्ट आणि मेन घरांचं माप पास झालं तर बाकी पैसे, नाही तर ब्लॉक परत. टेस्टचा आणि टेम्पोचा खर्च तुम्ही करा, तेवढं द्यायला मागेपुढे पाहू नका. क्रँक सोबत येतेय ती वेगळी मोजा, दहा-वीस-तीस (इंचाच्या हजाराव्या भागात किती घासलीय तो आकडा) जो साइज लागेल तो लागेल, चाळीसच्या पलीकडे गेलेली असेल तर क्रँकचे पैसे धरू नका, फक्त ब्लॉकचे द्या.

प्रश्न : नंदुरबारला एका ब्लॉकचं ठरत आलंय पण बाजूच्या भिंतीला वितभर क्रॅक आहे. मालक म्हणतो वेल्डिंग करून देतो, गॅरंटी देतो. घ्यावा का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : साध्या वेल्डिंगवर नाही. ओतीव लोखंड थंड असताना त्यावर वेल्डिंग मारलं की शेजारी नवीन क्रॅक जाते, ती आज दिसत नाही, दोन महिन्यांनी दिसते. नीट करायचं तर अख्खा ब्लॉक भट्टीत हळूहळू तापवून, निकेलच्या रॉडने थोडं थोडं वेल्डिंग करून, परत राखेत किंवा चुन्यात पुरून एक-दोन दिवस हळूहळू थंड करायचा असतो. हे करणारे कारागीर आहेत पण कमी आहेत.

बाजूच्या बाहेरच्या भिंतीला वेल्डिंगपेक्षा मेटल स्टिचिंग बरं. त्यात तापवायचं काम नाही, क्रॅकच्या रेघेवर एकमेकांत शिरणारी भोकं पाडून त्यात चुडीचे पिन बसवत जातात आणि मधे आडव्या चाव्या ठोकतात. पाण्याच्या बाहेरच्या भिंतीला हे चांगलं टिकतं, मी टिकलेलं बघितलंय. पण हे काम झाल्यावर परत गरम पाण्याची टेस्ट झालीच पाहिजे आणि ते पैसे मालकाने ब्लॉकच्या भावातून कमी केले पाहिजेत.

क्रॅक मेन घराच्या भिंतीत, कॅमच्या घरात किंवा दोन बोअरच्या मधे असेल तर कोणतीही गॅरंटी ऐकू नका. तिथे सगळा जोर येतो. गॅरंटी देणारा पैसे परत देईलही, पण तोपर्यंत तुमची क्रँक, पिस्टन, पंप आणि मजुरी सगळं पाण्यात गेलेलं असेल.

प्रश्न : माझ्या वडिलांचा जुना ट्रक मी आणि माझा भाऊ मिळून उभा करतोय. ब्लॉक दुसऱ्या गाडीचा टाकला तर आरटीओत अडचण येईल का? कोणी सांगतं जुनाच नंबर नवीन ब्लॉकवर ठोकून घ्या. कोणी म्हणतं व्हिंटेजमध्ये टाका. आम्हाला गाडी गावच्या जत्रेला आणि कधीमधी शेतमालाला चालवायची आहे.
— एक वाचिका, चाळीसगाव

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, नंबर ठोकायचं डोक्यातून काढून टाका. इंजन नंबर ब्लॉकवरच असतो आणि तोच आरसी बुकावर असतो, तो घासणं किंवा दुसऱ्या ब्लॉकवर जुना ठोकणं हा गुन्हा आहे आणि नंतर गाडी विकताना, इन्शुरन्सला, पासिंगला, कुठेही पकडलं जातं. तुमची बाजू कितीही खरी असली तरी मग चोरीच्या मालाचा संशय तुमच्यावर येतो.

सरळ रस्ता हाच की इंजन बदलल्याची नोंद करून घ्यायची. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ याच्यासाठी आहे. आधी परवानगी घेऊनच बदला, आणि बदलल्यावर १४ दिवसांच्या आत तुमच्या आरटीओला कळवावं लागतं आणि आरसीवर नवीन नंबर चढवून घ्यावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती लागेल.

यासाठी ब्लॉक घेतानाच कागद गोळा करा. दुकानदाराचं बिल, त्यावर इंजन नंबर टाइप केलेला किंवा हाताने लिहिलेला पण स्पष्ट. ब्लॉक ज्या गाडीतून निघाला तिच्या आरसीची झेरॉक्स किंवा ती स्क्रॅप झाल्याचा कागद मिळाला तर फारच छान. नंबरच्या जागेचा फोटो आणि कागदावर पेन्सिलने घेतलेला ठसा सोबत ठेवा. आणि ज्या ब्लॉकवर नंबरची जागा ग्राइंडरने साफ केलेली आहे तो ब्लॉक फुकट मिळाला तरी उचलू नका. कुर्ल्याच्या बाजारात असे ब्लॉक बघायला मिळतात, दिसायला एकदम चांगले, आणि म्हणूनच लोक फसतात.

व्हिंटेजचं म्हणाल तर २०२१ साली केंद्राने जो नियम आणला तो पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या, खाजगी दुचाकी आणि चारचाकींसाठी आहे. मालवाहू ट्रक त्यात बसवायचा प्रयत्न करू नका, आणि त्या नोंदणीवर गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालतही नाही, म्हणजे तुमचा शेतमाल तसाही बसणार नाही. तुम्ही नेहमीची नोंदणी आणि फिटनेस हाच मार्ग धरा. दोघं बहीण-भाऊ वडिलांची गाडी उभी करताय हे वाचून फार बरं वाटलं, काम झालं की फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापू.

प्रश्न : एवढी झंझट करण्यापेक्षा जुन्या लेलँड कॉमेटमध्ये सरळ एखादं नवीन टर्बो इंजन टाकलं तर? शिरपूरला आमच्याकडे असं एक इंजन पडून आहे.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : चालेल की, पण मग ती कॉमेट राहत नाही. मला विचाराल तर जुनी गाडी तिच्या आवाजासकट उभी राहिली पाहिजे, म्हणून मी होईल तोवर तेच इंजन शोधायला सांगतो. व्यवहाराने बघितलं तरी फाउंडेशनचे ब्रॅकेट, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, रेडिएटर, सायलेन्सरची लाइन, हे सगळं जुळवावं लागतं, वाढलेला टॉर्क जुन्या गिअरबॉक्सला आणि मागच्या एक्सलला झेपतो का बघावं लागतं, ब्रेक तर जुनेच राहतात. आरटीओत वेगळ्या जातीचं इंजन चढवणं हे त्याच जातीचा ब्लॉक बदलण्यापेक्षा खूप अवघड. तुमचं ते टर्बो इंजन विका आणि त्या पैशात कॉमेटचं हाफ इंजन शोधा. जुने फार्गो आणि डॉजवाले पण हेच विचारतात, त्यांनाही हेच उत्तर, त्यांच्या गाड्यांत पर्किन्सची इंजनं होती, मद्रासच्या सिम्पसन कंपनीने ती इथे बनवली, आणि त्याच जातीची इंजनं जनरेटरवर, कॉम्प्रेसरवर, पंपावरही चाललीत. पर्किन्सच्या ३५४ इंजनाचा ब्लॉक ट्रकच्या भंगारात मिळाला नाही तर तिकडे बघा. फक्त अशा इंजनाचं चेंबर, फ्लायव्हील हाउसिंग आणि फाउंडेशन ट्रकपेक्षा वेगळं असू शकतं, म्हणून तुमच्या जुन्या इंजनावरून ते उतरवून बसतं का हे खरेदीआधी बघा.

प्रश्न : ब्लॉक धुतल्यावर आतून चिखलासारखं पांढरं-लाल काहीतरी निघालं. हे कशामुळे? काही धोका?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : पांढरं म्हणजे बोरवेलच्या जड पाण्याचा क्षार आणि लाल म्हणजे गंज. आपल्याकडे वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोरवेलचं पाणी ओततात, त्याचा थर जॅकेटमध्ये बसतो आणि थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही. सगळ्यात जास्त गाळ मागे, सहा नंबरच्या बोअरभोवती साचतो कारण तो वॉटर पंपापासून सगळ्यात लांब. म्हणून नुसतं टाकीत बुडवून काम झालं समजू नका. बाजूचे गोल पत्र्याचे वेल्श प्लग सगळे काढा, मागच्या बाजूने वाकवलेली तार आणि लांब स्क्रू ड्रायव्हर घालून खरवडा, हवेचं प्रेशर मारा, परत धुवा. प्लग जुने परत ठोकू नका, नवीन घ्या. त्याचबरोबर ऑइल गॅलरीचे (ऑइल जायच्या आतल्या वाटांचे) बोल्ट खोलून आतून लांब ब्रश घाला, तिथे कॉस्टिकनंतर निघालेली घाण राहिली तर ती पहिल्या स्टार्टलाच बेअरिंगमध्ये जाते.

धोका तेवढाच की हा थर काढल्यावर कधी कधी खाली भोक निघतं, थरानेच ते बुजवलेलं राहतं. म्हणून टेस्ट नेहमी साफ केल्यानंतर घ्यायची, आधी नाही. गाडी चालू झाल्यावर डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी आणि कूलंट वापरा, आपल्याला बर्फाची भीती नाही पण कूलंटने गंज थांबतो आणि पाणी उशिरा उकळतं, आपल्या उन्हाळ्याला ते लागतंच.

प्रश्न : ब्लॉक घेऊन ठेवलाय, काम दिवाळीनंतर करणार. तोपर्यंत कसा ठेवू?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : धुतलेला असेल तर त्याच दिवशी बोअर, मेन घरं, वरचा फेस आणि टॅपेटची भोकं यांना घट्ट ग्रीस किंवा नवीन ऑइल चोपडा, जुनं ऑइल नको, धुतलेलं लोखंड पावसाळी हवेत एका रात्रीत लाल होतं. सातही कॅपा आपापल्या जागी, आपापल्या तोंडाने, हलक्या आवळून ठेवा, वेगळ्या डब्यात नको. लाकडाच्या फळ्यांवर उभा ठेवा, वर प्लॅस्टिक, पण खाली हवा खेळती राहील असं. आणि खताच्या गोदामात ठेवू नका, आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी तीच मोकळी जागा असते हे मला माहीत आहे, पण युरिया-पोटॅशच्या पोत्यांशेजारी लोखंड फार लवकर खातं. गोठ्याच्या ओलीतही नको. महिन्यातून एकदा प्लॅस्टिक काढून बघा, कुठे लाल ठिपका दिसला तर तिथे परत ऑइल लावा, आणि खरादवाल्याला आत्ताच सांगून नंबर लावून ठेवा, दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्यांची कामं सुरू झाली की त्याच्याकडे उभं राहायला जागा नसते.